कॅप्टन आणि थंड दिव्यांचा नियम

एक वाटी साखर आणि चार वाट्या पाणी. जगात याहून सोपी पाककृती नसेल. पण एवढ्याशा साखरपाण्यापायी भल्या माणसाची अब्रू सोसायटीच्या अंगणात टांगली जाऊ शकते, हे लॉर्न बीमिशला आधी कुणी सांगितलं असतं, तर त्याने बायकोला एखादा सोनेरी मासा आणून दिला असता आणि मोकळा झाला असता.

बायको म्हणजे ग्वेन. तिचा खुबा झिजला होता आणि ऑपरेशनसाठी नंबर लागायचा होता. कधी लागेल असं फोनवर विचारलं, की पलीकडची बाई गोड आवाजात म्हणायची, "तुम्ही यादीत आहात हं!" आता व्हँकूवर बेटावर यादीत असणं ही एक वेगळीच अवस्था आहे. माणूस धड आजारी नसतो, धड बराही नसतो. तो यादीत असतो. तर या यादीतल्या ग्वेनची खुर्ची लॉर्नने मागच्या खिडकीशी नेऊन ठेवली. खिडकीबाहेर लाकडी डेक, डेकपलीकडे सोसायटीचं गवत, आणि गवतापलीकडे सोसायटीचंच कुंपण. वसंत ऋतू होता. आठवडाभर बघून झाल्यावर ग्वेन म्हणाली, "कुंपण छान आहे." ती ज्या आवाजात हे म्हणाली तो आवाज लॉर्नला अजिबात आवडला नाही. त्याच दुपारी तो बाजारात गेला आणि हमिंगबर्ड नावाच्या चिमुकल्या पक्ष्यांसाठी साखरपाणी भरून टांगायची लाल झाकणाची बाटली घेऊन आला.

लॉर्नची सगळी नोकरी फेरीबोटीवर गाड्या रांगेत लावण्यात गेली होती. त्याने हात वर केला की मोठमोठे ट्रक थांबायचे, बोट हलवलं की बस मुकाट्याने मागे सरकायची. रांग मोडून कुणी बोटीवर चढलाय असं त्याच्या हयातीत घडलं नव्हतं. निवृत्तीनंतर हा हात रिकामा पडला, आणि रिकामा हात फार वाईट. तो सोसायटीच्या कमिटीवर निवडून येतो.

बाटली टांगायला त्याने स्टूल बाहेर आणलं न आणलं तोच शेजारच्या डेकवरून नेटी ह्रिंचुकचा आवाज आला. नेटी ऐंशीच्या पुढची, सस्कॅचेवानच्या गव्हाच्या मुलखात जन्म काढलेली, आणि नवरा पेट्रो गेल्यावर थंडीला कंटाळून बेटावर आलेली.

"अरे लॉर्न, पाण्यात लाल रंग नाही ना घातलास?"

"नाही, नेटी."

"मध?"

"नाही."

"ब्राउन शुगर?"

"नेटी, मी पाकिटावरचं वाचलंय."

"वाचून काय होतंय? माझा पेट्रो वाचून ट्रॅक्टर दुरुस्त करायचा. शेवटी बैलासारखा स्वतः ओढत घरी आणायचा. उजवीकडे टांग. उन्हात पाणी आंबतं."

लॉर्नने बाटली डावीकडे टांगली. दुपारी ऊन आलं. संध्याकाळी त्याने ती उजवीकडे टांगली. नेटी फक्त खोकली. त्या खोकल्याचा अर्थ लॉर्नला पुरेपूर कळला.

तिसऱ्या दिवशी पक्षी आला. अंगठ्याएवढा जीव, पाठ हिरवी, आणि मान वळवली तेव्हा गळा असा काही गुलाबी पेटला की ग्वेनच्या हातातला चहाचा कप कलंडला. शेपटीतलं एक पीस तुटलेलं होतं, त्यामुळे उडताना तो थोडा तिरका दिसायचा. तो प्यायला, कुंपणावर जाऊन बसला, आणि तेल न घातलेल्या बिजागरीसारखं गायला लागला. "काय रुबाब आहे बघ!" ग्वेन म्हणाली. "अगदी तुझ्या बोटीवरच्या कॅप्टनसारखा. गाता येत नाही आणि थांबतही नाही." नाव तिथेच पडलं.

थोड्याच दिवसांत कळलं, की हा कॅप्टन नव्हे, गल्लीतला दादा होता. दुसरा कुठलाही हमिंगबर्ड बाटलीजवळ फिरकला, की हा कुंपणावरून बंदुकीच्या गोळीसारखा सुटायचा. चिमण्यांना हाकललं. एका कावळ्याच्या मागे लागला. आणि लॉर्न बाटली धुवायला बाहेर आला की थेट त्याच्या टकलासमोर येऊन हवेत उभा राहायचा आणि शिव्या द्यायचा. लॉर्नने सवयीने हात वर केला. ज्या हाताने ट्रक थांबायचे, त्या हाताला कॅप्टनने दोन प्रदक्षिणा घातल्या आणि बाटलीवर जाऊन बसला.

"तो तुला रांगेत उभं राहायला सांगतोय," आतून ग्वेन म्हणाली. कित्येक महिन्यांनी ती पोट धरून हसत होती, म्हणून लॉर्नने तो अपमान गिळला.

पण रांग मोडणाऱ्याला मोकळं सोडायचं म्हणजे काय? लोकांनी सल्ला दिला, की दुसरी बाटली लांब टांग, म्हणजे एकाला दोन्ही राखता येणार नाहीत. लॉर्नने टांगली. कॅप्टन छपरावर जाऊन बसला, जिथून दोन्ही दिसत होत्या. मग लॉर्नने तिसरी बाटली घराच्या कोपऱ्यापलीकडे, दिव्याच्या खांबाला अडकवली. कॅप्टनच्या आधी तिथे डेस्मंड अपशॉ पोचला.

डेस्मंड सोसायटीचा अध्यक्ष. विमा कंपनीत जन्म घालवल्यामुळे त्याला प्रत्येक वस्तूत भावी अपघात दिसायचा. एरवी तो लॉर्नला नुसतं लॉर्न म्हणायचा, पण गळ्यात टाय असला की मिस्टर बीमिश.

"मिस्टर बीमिश, हा खांब सामाईक मालमत्ता आहे."

"डेस्मंड, बाटली वीतभर आहे."

"आज बाटली. उद्या कुणी झोपाळा टांगेल. परवा त्या झोपाळ्यावरून कुणी पडेल."

तिसरी बाटली उतरली. उन्हाळ्यात पहिलीत मुंग्या गेल्या, दुसरीवर गांधीलमाशा बसल्या आणि लॉर्नच्या कानाला डसल्या. मुंग्या अडवायला बाटलीच्या वर पाण्याची वाटी टांगायची असते असं कळलं. त्या वाटीत चिमण्या आंघोळ करायला लागल्या आणि ग्वेनच्या खिडकीवर शिंतोडे उडायला लागले. लॉर्न रोज काच पुसायचा. करायला गेलो एक अन् झालं भलतंच, असं तो पुटपुटायचा, पण बाटली उतरवायचं नाव काढत नव्हता. कारण सकाळी उठल्यावर ग्वेन आता आधी खुब्याबद्दल बोलत नव्हती. आधी विचारायची, "आला का रे?"

शरद ऋतूत सगळ्या सोसायटीने मिळून त्याचं डोकं खाल्लं. अर्धे म्हणाले, बाटली काढ, नाहीतर वेडा इथेच राहील, दक्षिणेला जायचा विसरेल आणि थंडीत मरेल. अर्धे म्हणाले, काढू नकोस, काढलीस तर उपाशी मरेल. म्हणजे दोन्हीकडून मरण लॉर्नच्याच हातून. शेवटी नेटीने निकाल दिला. "ही जात कुठे जात नाही. इथेच राहते. मी सस्कॅचेवान सोडून इथे थंडी काढायला आले, आणि तू त्याला मेक्सिकोला पाठवतोयस? पण एक ऐक. आता त्याला सवय लावलीस, तर भर थंडीत हात वर करायचे नाहीत."

"मी कशाला हात वर करीन?" लॉर्न म्हणाला.

पानगळीच्या शेवटी ग्वेनचा नंबर एकदाचा लागला. ऑपरेशन झकास झालं. घरी व्यायाम शिकवायला येणारी मुलगी म्हणाली, "आता चालायचं. रोज थोडं. खुर्चीपासून दारापर्यंत, मग डेकपर्यंत." पण एवढे महिने दुखणं सोसून ग्वेनचा धीरच खचला होता. पाय बरा होता, भीती बरी होत नव्हती. चालताना धरायची कुबडीची चौकट समोर उभी करून ठेवली, की ती म्हणायची, "उद्या." दुसऱ्या दिवशी पुन्हा उद्या. फक्त कॅप्टन आला, की त्याला नीट बघता यावं म्हणून ती खुर्चीच्या हातांवर भार देऊन अर्धवट उठायची. दिवसाकाठी तिचा तेवढाच व्यायाम होत होता. लॉर्न हे बघत होता आणि मुकाट्याने साखर ढवळत होता. तो नालायक पक्षी आता औषधाच्या जागी होता, आणि औषध संपू देऊन चालणार नव्हतं.

आणि मग नाताळच्या तोंडावर थंडी पडली. बेटावर बर्फ पडला की लोक दुकानातला ब्रेड संपवतात आणि गाड्या खड्ड्यात घालतात. बाकी काही करायचं त्यांना सुचत नाही. नेटी नुसत्या स्वेटरवर बाहेर येऊन म्हणाली, "ह्याला थंडी म्हणतात? आमच्याकडे ह्या हवेत लग्नं लावतात." पण साखरपाणी गोठायला ही हवा पुरेशी होती.

उपाय सगळ्या गावाला ठाऊक होता. बाटलीभोवती नाताळच्या दिव्यांची माळ गुंडाळायची. दिव्यांची ऊब लागते, पाणी पातळ राहतं. लॉर्नने आपली झगझगीत नवी माळ काढली, बाटलीभोवती इतकी सुबक गुंडाळली की ग्वेनने टाळ्या वाजवल्या. सकाळी बघतो तर बाटलीत बर्फाचा गोळा, आणि त्याच्याभोवती निळे-हिरवे दिवे मजेत लुकलुकतायत. नव्या दिव्यांना ऊबच नसते! वीज वाचते ती ह्याचमुळे.

आता इथे थोडं मागे जायला हवं, लॉर्नची इच्छा नसली तरी. गेल्या वर्षी कमिटीवर आल्या आल्या लॉर्नने एक नियम आणला होता. सोसायटीत घराबाहेर फक्त थंड दिवे. जुने गरम दिवे बंद. वीज खातात, वायरी तापतात. डेस्मंड तर आनंदाने उभाच राहिला होता. लॉर्नने घरोघर हिंडून जुन्या माळा गोळा केल्या, खोकी भरून, लोकांनी दिलेल्या जुन्या वस्तू स्वस्तात विकणाऱ्या देणगीच्या दुकानात नेऊन दिल्या, आणि सभेत त्याचा सत्कार झाला. माळ दिली नाही ती एकट्या नेटीने. तिने त्याच्या तोंडावर दार लावलं होतं. त्यावर लॉर्नने भर सभेत उभं राहून, नाव घेऊन, तिला समज दिली होती. हात वर करून.

बर्फाचा गोळा बघत तो डेकवर उभा राहिला, तेव्हा हे सगळं त्याला एकदम आठवलं. याला म्हणतात आपल्या हाताने आपल्या पायावर धोंडा पाडून घेणं.

त्याने घाईघाईने दुसरी बाटली कोमट पाण्याने भरून आणली. पण टांगायचा आकडा बर्फाने बुजला होता. आता काय करायचं? तो बाटली दोन्ही हातांत धरून, झोपायच्या कपड्यांवर कोट चढवून, तसाच उभा राहिला. कुंपणावर कॅप्टन बसला होता. पिसं फुगवून अगदी लोकरीचा गोंडा झालेला. ना गाणं, ना शिव्या. लॉर्नने बाटली पुढे केली. "ये रे," तो हळूच म्हणाला. "ये, नालायका."

आणि तो आला. लॉर्नच्या अंगठ्यावर बसला. वजन असं नव्हतंच. होती ती फक्त बारीकशा पायांची गार पकड. बाटलीत चोच घालून तो प्यायला लागला. पीत राहिला. लॉर्नने श्वास रोखला. त्याला त्या छातीतली धडधड अंगठ्यात कळत होती. खिडकीत ग्वेन दोन्ही हात तोंडावर धरून उभी होती. उभी होती! पण हे नंतर त्याच्या लक्षात आलं, कारण नेमका त्याच वेळी गवतावरून टाय घातलेला डेस्मंड आला.

"मिस्टर बीमिश, तुमच्या पायरीवर मीठ टाकलेलं नाही. कुणी घसरलं तर?"

"डेस्मंड," लॉर्न ओठ न हलवता, दातांमधून म्हणाला, "आत्ता नको."

"सोसायटीच्या वतीने मी विचारतोय. आणि हे काय, झोपायच्या कपड्यांत सामाईक जागेसमोर..."

"डेस्मंड. माझ्या अंगठ्याकडे बघ."

डेस्मंडने बघितलं. त्याचं तोंड उघडलं आणि उघडंच राहिलं. कॅप्टनने मान वर केली, दोघांकडे तुच्छतेने पाहिलं, पुन्हा एकदा पोटभर प्यायला, आणि उडून गेला. "मीठ टाका," डेस्मंड कसाबसा म्हणाला आणि निघून गेला.

दुपारपर्यंत लॉर्नने आपला अंगठा ग्वेनला चार वेळा दाखवला, जणू त्यावर काही उमटलं होतं. पण दिवसभर बाटली धरून उभं राहणं शक्य नव्हतं. तासातासाला एक बाटली आत, एक बाहेर, असं तो करत होता. रेडिओवर सांगत होते की थंडी आठवडाभर हटणार नाही. गरम माळ हवी होती.

दुपारी तो देणगीच्या दुकानात गेला. काउंटरवरच्या बाईने त्याला लगेच ओळखलं. "अहो, तुम्हीच ना गेल्या वर्षी खोकीच्या खोकी आणून दिलीत? देव तुमचं भलं करो! आज दार उघडायच्या आधीपासून लोक रांगेत होते. गावातल्या सगळ्या पक्ष्यांनी तुम्हाला आशीर्वाद दिला असेल." शेवटची माळ त्याच्या पुढच्याच माणसाच्या हातात होती. हिरव्या वायरीवर एका जागी काळी पट्टी गुंडाळलेली. ती पट्टी लॉर्ननेच गुंडाळली होती.

"ती माझी आहे," लॉर्नच्या तोंडून निघून गेलं.

"मी पैसे दिलेत," तो माणूस म्हणाला.

"म्हणजे माझी होती. माझ्याकडे एक हमिंगबर्ड आहे हो."

"माझ्याकडे पण आहे. तुम्ही माझ्या मागे आहात." रांगेत मागे! जन्मात पहिल्यांदा लॉर्न बीमिश बोटीवर चढायचा राहिला होता.

तिथून तो डेस्मंडकडे. निदान परवानगी तरी काढून ठेवावी. डेस्मंडने चष्मा लावला. "नियम बदलायचा तर सभा. सभा बोलवायची तर पंधरा दिवसांची नोटीस."

"पंधरा दिवसांत तो मरेल रे!"

"पंधरा दिवसांची अट तुम्हीच घालून घेतली होतीत. लोकांना विचार करायला वेळ मिळावा, म्हणून. फार चांगलं भाषण केलं होतंत." डेस्मंडची नजर का कोण जाणे पडद्याकडे वळली, आणि त्याने तो घाईने ओढून घेतला.

आता एकच दार उरलं होतं. लॉर्न नाक मुठीत धरून नेटीच्या पायरीवर उभा राहिला. तिने दार उघडलं, त्याला आपादमस्तक न्याहाळलं आणि म्हणाली, "आधी खाऊन घे." टेबलावर बटाट्याचं सारण भरलेल्या पेरोगी, वर परतलेला कांदा. लॉर्नने खाल्ल्या. भूक नसतानाही आणखी खाल्ल्या, कारण बोलायला सुरुवात कुठून करावी ते सुचत नव्हतं.

"नेटी, गेल्या वर्षी मी सभेत जे बोललो..."

"छान बोललास. हात पण वर केला होतास."

"चुकलंच माझं. तुम्हाला सगळ्यांसमोर असं बोलायला नको होतं."

"माझा पेट्रो शेवटच्या नाताळला ती माळ लावून गेला," नेटी म्हणाली. "शिडीवर चढायची ताकद नव्हती, तरी चढला. आणि तू खोकं घेऊन दारात उभा. म्हणे, वीज खाते."

लॉर्नने काटा खाली ठेवला. तो ताटातल्या कांद्याकडे बघत म्हणाला, "मला माहीत नव्हतं हो. खरंच नव्हतं माहीत."

"विचारलंस कुठे? बरं, ऊठ. दोन माळा आहेत. एक तू ने. पण दुसरी माझ्या घराच्या पुढच्या बाजूला लावायची. आत्ता. दिवसाउजेडी. सगळ्यांना दिसेल अशी."

तर सोसायटीच्या इतिहासात याची नोंद राहील, की थंड दिव्यांच्या नियमाचा जनक त्या दुपारी शिडीवर चढून गरम दिव्यांची माळ लावत होता, आणि खाली गुडघाभर बर्फात मंडळी उभी राहून सूचना करत होती. "डावीकडे जरा वर!" "अरे वायर तापेल हां, लॉर्न!" "सत्कार कधी ठेवायचा?" नेटी खाली शिडी धरून होती आणि एकेका दिव्याची जागा बदलायला लावत होती. लॉर्नचे कान लाल झाले होते, आणि ते नुसत्या थंडीमुळे नव्हे. पण माळ लागली, दिवे पेटले, आणि नेटीने वर बघून डोळे पुसले तेव्हा त्याला वाटलं, हा अपमान आपण आधीच करून घ्यायला हवा होता.

दिवस मावळायच्या बेताला लॉर्नने दुसरी माळ आपल्या बाटलीभोवती गुंडाळली. लाल, पिवळे, जाडजूड जुने दिवे. हात जवळ नेला तर चक्क ऊब. नेटी उरलेल्या पेरोगी घेऊन ग्वेनशेजारी येऊन बसली. आणि घंटा वाजली. दारात डेस्मंड, गळ्यात टाय.

"मिस्टर बीमिश, नियमभंग झाला आहे. पहिल्या वेळेला तोंडी समज देण्यात येते. समज देण्याचं काम दिव्यांचा नियम सांभाळणाऱ्या सभासदाचं. म्हणजे तुमचं."

"म्हणजे मी मला समज देऊ?"

"नियम आहे. मी साक्षीदार म्हणून आलोय."

लॉर्न उभा राहिला. खिडकीच्या काचेतल्या स्वतःच्या प्रतिबिंबाकडे बघून त्याने घसा खाकरला. "मिस्टर बीमिश," तो म्हणाला, "तुम्हाला लाज वाटली पाहिजे." ग्वेन आणि नेटी एकमेकींच्या खांद्यावर पडून हसत होत्या. एवढ्यात बाहेर भुर्रकन काहीतरी आलं आणि दिव्यांच्या उजेडात बाटलीवर बसलं. गळा पेटला. शेपटीतलं तुटकं पीस दिसलं.

"कॅप्टन!" ग्वेन ओरडली.

"कसला कॅप्टन?" नेटी काचेला नाक लावून म्हणाली. "हा माझा पेट्रो आहे. माझ्या घराच्या पलीकडच्या अंगाला दिवसातून दहादा येतो. मी बाटलीखाली कोंबडीच्या पिलांना ऊब देणारा दिवा ठेवलाय, शेतावरचा. थंडी पडल्यापासून तो तिथेच असतो."

"काय सांगता?" डेस्मंड पुढे आला. "हा तर ॲडमिरल! तुटक्या पिसाचा. आज सकाळीच माझ्याकडे..." आणि तो थांबला.

"तुझ्याकडे?" लॉर्न सावकाश म्हणाला. "तुझ्याकडे बाटली आहे? आणि ती गोठत नाही?"

डेस्मंडने टाय सैल केला. "एक माळ... खोक्यात टाकायची राहून गेली होती. पडद्यामागे लावतो. बाहेरून दिसत नाही."

"राहून गेली म्हणे!" नेटी म्हणाली. "अरे बाबा, सगळ्यांचीच राहून गेलीये. प्रत्येकाने एक लपवली. फक्त मी तोंडावर नाही म्हणाले."

घरोघरी मातीच्या चुली, आणि आमच्या सोसायटीत घरोघरी लपवलेल्या माळा. नेटीच्या बोलण्याची खात्री पटायला वेळ लागला नाही. आता लॉर्ननेच माळ लावली म्हटल्यावर एकेका डेकवर लाल-पिवळे दिवे पेटायला लागले. कॅप्टन, ॲडमिरल, पेट्रो, जो कोण होता तो, एका दिव्यावरून दुसऱ्या दिव्याकडे जेवत गेला.

पाहुणे गेल्यावर लॉर्न स्वयंपाकघरात बाटली घासत बसला. स्वच्छच होती, तरी घासत बसला. अपमान त्याने दिवसभरात बरेच पचवले होते, पण हा घशाखाली उतरत नव्हता.

"काय झालं?" ग्वेनने विचारलं.

"काही नाही. त्या नालायकाला माझी गरज नव्हती. दहा घरी पानं मांडलेली होती त्याची. मी आपला कोट घालून उभा, जसा काही माझ्याविना मरणार होता. गाव हसलं, रांगेतून हाकललं, शिडीवर चढलो. कशासाठी?"

ग्वेन म्हणाली, "गरज नव्हती हे खरं. नेटीकडे गरम दिवा, डेस्मंडकडे गरम माळ. दोन पावलांवर सगळं तयार होतं. मग तो तुझ्या अंगठ्यावर कशाला येऊन बसला?"

लॉर्नचा हात थांबला. त्याने ओला अंगठा पुसला आणि त्याकडे बघत राहिला.

"मला पण पाहिजे," ग्वेन म्हणाली.

"काय?"

"अंगठ्यावर. उद्या सकाळी."

तिच्या तोंडचा 'उद्या' शब्द लॉर्नने इतक्या वेळा ऐकला होता, की त्याने फक्त मान हलवली. पण सकाळी तो उठला तेव्हा ती कोट घालून, डोक्याला लाल लोकरीची टोपी ओढून, कुबडीच्या चौकटीमागे उभी होती. "मीठ टाक पायरीवर," ती म्हणाली. त्याने पिशवी संपेपर्यंत टाकलं. खुर्चीपासून दार, दारापासून उंबरा, उंबऱ्यापासून डेक. प्रत्येक पावलाला ती थांबत होती आणि तो तिचं कोपर धरून मागे सरकत होता, जसा तो बस मागे घ्यायचा तसा, सावकाश, बोट हलवत. "ये. अजून थोडं. बस, थांब."

बाटली तिने दोन्ही हातांत धरली. शेजारीच दिव्यांच्या उबेत दुसरी बाटली भरलेली लटकत होती, हे दोघांनाही दिसत होतं. हवेत पांढरी वाफ सोडत दोघं उभी राहिली. "आत जायचं का?" त्याने विचारलं. तिने मान हलवली, नाही.

तो आला. आधी लॉर्नच्या टकलासमोर उभा राहून दोन शिव्या दिल्या, कारण रीत ती रीत. मग टांगलेल्या बाटलीला वळसा घातला, लाल टोपीची चौकशी केली, आणि ग्वेनच्या अंगठ्यावर बसला.

"मिस्टर बीमिश!" गवतावरून आवाज आला. "काल संध्याकाळच्या नियमभंगाबद्दल..."

"डेस्मंड," ग्वेन ओठ न हलवता, दातांमधून म्हणाली, "तोंड मिट."

डेस्मंडने तोंड मिटलं. थोडा वेळ तिथेच उभा राहिला, मग त्याने टोपी काढून हातात धरली. लॉर्नने ग्वेनचं कोपर सोडलं होतं, आणि ती तशीच उभी होती.